क्षयाची पारख

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. डोळ्यांची सबब होती, ती आता उरली नाही. आजचा विषय मात्र माझ्या आवाक्याबाहेरचा आहे हे आधीच सांगून ठेवतो. मी मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाचा तास कधी घेतला असेल तर तो विज्ञानाचे सर रजेवर असताना, वर्ग गोंधळ करू नये म्हणून. पण पुतण्याची मुलगी अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्स शिकते, तिने दिवाळीत आपल्या प्रकल्पाचे नाव सांगितले आणि माझे कान टवकारले. नाव होते 'क्षयरोगाच्या लवकर निदानासाठी विद्युत डीएनए बायोसेन्सर'. मी म्हटले, "बाई गं, वीज लावून क्षय ओळखायचा?" ती म्हणाली, "हो आबा, पण रोग्याला नाही लावायची, त्याच्या बेडक्यातल्या जंतूला लावायची." त्यानंतर दोन महिने मी यावरच वाचत होतो. जे कळले ते आपल्या भाषेत मांडतो.

क्षय हा आपल्याकडचा जुना पाहुणा. संस्कृतात त्याला राजयक्ष्मा म्हटले आहे. दक्षाच्या शापाने चंद्राला तो जडला अशी कथा आहे, आणि चंद्राची कला रोज झिजते तसा रोगी झिजतो, हे निरीक्षण त्या कथेत किती अचूक बसले आहे पाहा! पण झिजताना दिसू लागला म्हणजे रोग बराच पुढे गेलेला असतो. खरी गोची तिथेच आहे. क्षयाच्या इतिहासात औषधाची गोष्ट सगळे सांगतात, ओळखण्याची कोणी फारशी सांगत नाही.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू दाखवला. पुढच्या वर्षभरात झील आणि नीलसन यांनी तो लाल रंगात रंगवण्याची रीत बसवली. या जंतूला मेणचट कवच असते. एकदा चढलेला रंग आम्लाने धुतला तरी जात नाही, म्हणून निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या दिसतात. आपल्या आनंदीबाई जोशी मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या. वय अवघे २१. ज्या रोगाने त्या गेल्या त्याचा जंतू सापडून पाच वर्षेसुद्धा झाली नव्हती, आणि औषध यायला अजून साठ वर्षे होती. ओळख पटूनही उपाय नाही, असा तो काळ.

मग १८९५ साली क्ष-किरण आले. १९०७-०८ मध्ये पिर्के आणि मांटू यांची कातडीवरची चाचणी आली. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडले, १९५२ मध्ये आयसोनियाझिड. तोवर श्रीमंतांनी डोंगरावरच्या हवेला जायचे आणि गरिबांनी माजघरात खोकत पडायचे, अशी वाटणी होती. ती मोडली मद्रासच्या प्रयोगाने. १९५६ मध्ये तिथे सुरू झालेल्या केंद्राने १९५९ साली दाखवून दिले, की घरी राहून गोळ्या घेणारा गरीब रोगी आरोग्यधामात राहणाऱ्याइतकाच बरा होतो आणि घरच्यांना जास्त बाधाही होत नाही. जगभरातली आरोग्यधामे पुढे ओस पडली त्यात या मद्रासच्या चाळींतल्या माणसांचा मोठा वाटा आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत हे कधी आले नाही याची मला खंत वाटते.

पण मला जास्त अस्वस्थ केले ते दुसऱ्या एका अभ्यासाने. १९५९ मध्ये बंगलोरला राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली. तिथले देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन हे दोघे तुमकूर भागातल्या खेड्यांत गेले. सरकारी समज असा होता, की खेडूत अडाणी असतो, त्याला आपण आजारी आहोत हेच कळत नाही. या दोघांनी बेडक्यात जंतू सापडलेल्या माणसांनाच घरी जाऊन विचारले. जवळजवळ सगळ्यांना आपल्याला काहीतरी झाले आहे हे कळत होते, बहुतेक जण काळजीत होते, आणि निम्म्याहून अधिक जण आधीच दवाखान्यात जाऊन आले होते! तिथून त्यांना काय मिळाले? खोकल्याच्या औषधाची बाटली. हा अभ्यास १९६३ साली छापून आला. म्हणजे रोगी दारात आला होता, ओळखणाराच नव्हता.

आता आपल्या कळंबकडे येतो.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, आमचे कळंब यवतमाळ जिल्ह्यात, यवतमाळहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. चिंतामणीचे देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावे लागते. मुलूख सगळा कापसाचा. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाले, की इथला निम्मा गाव खोकतो. रुईचे तंतू नाकातोंडात जातात, त्याचा खोकला वेगळा असतो आणि तो आम्हांला इतका सवयीचा आहे, की कोणी खोकला तर लोक वळूनही पाहत नाहीत.

माझा एक विद्यार्थी, नाव लिहीत नाही, दहावीनंतर शाळा सोडून जिनिंगमध्ये लागला होता. २००६ च्या उन्हाळ्यात बाजारात भेटला. अंगातला सदरा हँगरला अडकवल्यासारखा दिसत होता. म्हटले, "काय रे, तब्येतीला काय झाले?" तर म्हणे, "काही नाही सर, धुयीचा खोकला हाय. तीन मयने झाले, हटतच नाही. पन टीबी नाही म्हने, रक्त तपासलं ना. साहाशे रुपये लागले." असे म्हणून त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून दाखवला. एका खाजगी दवाखान्याने करून घेतलेली रक्तातली चाचणी होती आणि खाली इंग्रजीत 'निगेटिव्ह' असा शिक्का. त्या कागदावर तो आणखी दोन महिने निश्चिंत राहिला. पुढे रक्त पडले तेव्हा सरकारी दवाखान्यात बेडका तपासला, तर काच जंतूंनी भरलेली निघाली. औषध मिळाले, सहा महिन्यांत माणूस बरा झाला. पण मधल्या काळात त्याची चार वर्षांची मुलगी त्याच्या कुशीत झोपत होती. तिचा क्षय मेंदूच्या आवरणात गेला. ती वाचली. चालताना उजवा पाय अजून ओढते.

साहाशे रुपये! जिनिंगवर तेव्हा आठ-दहा दिवसांची मजुरी झाली. आणि बेडक्याची तपासणी सरकारात फुकट होती. सुधारित क्षयरोग कार्यक्रम १९९७ ला सुरू होऊन मार्च २००६ मध्ये साऱ्या देशात पोचला होता. पण फुकट गोष्टीवर आपला विश्वास नसतो आणि छापील इंग्रजी कागदावर फार असतो.

त्या रक्तचाचणीत चूक कुठे होती? तर ती जंतू शोधत नव्हती. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधत होती. चोर शोधण्याऐवजी गावात कुत्री भुंकली का, हे विचारण्यासारखे. आपल्या गावात कुत्री नेहमीच भुंकतात, आणि कधी चोर येऊनही गप्प राहतात.

याचा एक पुरावा तर आपल्या शेजारीच, सेवाग्रामला मिळाला. कळंबहून वर्धा नदी ओलांडली, देवळी मागे टाकली, की वर्धा आणि पुढे सेवाग्राम. तिथले महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान हे १९६९ साली निघालेले, खेड्यातले देशातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय. आमच्या भागातला मोठा आजार म्हणजे सेवाग्रामची वारी, हे ठरलेलेच. मधुकर पै, तिथले डॉ. श्रीप्रकाश कलंत्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्याच ७२६ आरोग्य कर्मचाऱ्यांची तपासणी केली. कातडीवरची जुनी चाचणी आणि रक्तातली नवी, अशा दोन्ही. निम्म्या लोकांत कुठल्या ना कुठल्या चाचणीत क्षयाच्या जंतूशी गाठ पडल्याची खूण निघाली. २००५ मध्ये हा अभ्यास अमेरिकेच्या 'जामा' या नामांकित नियतकालिकात आला. ही माणसे आजारी नव्हती, आपापल्या कामावर होती. त्यांची ती चाचणी आणि माझ्या विद्यार्थ्याची चाचणी निराळी, हे मला कळते. पण निम्म्या निरोग्यांच्या अंगात जिथे जुनी खूण आहे, तिथे खूण पाहून आजारी माणूस कसा निवडणार?

सेवाग्रामातच, जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्रात, डॉ. भास्कर हरिनाथ यांनी अनेक वर्षे क्षयाच्या जंतूंनी बाहेर टाकलेल्या प्रथिनांवर काम करून रक्ताचीच एक चाचणी बसवली होती. 'सेवा टीबी एलायझा' तिचे नाव. ती काळजीपूर्वक, इतर तपासण्यांच्या जोडीने वापरायची म्हणून. बाजारातल्या चाचण्यांची गोष्ट वेगळी होती. देशात दर वर्षी अशा सुमारे १५ लाख चाचण्या होतात असा अंदाज होता, आणि हा सगळा पैसा कोणाच्या खिशातून जात होता ते सांगायला नको. जुलै २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्या वापरू नका असे स्पष्ट सांगितले. एखादी चाचणी करू नका असे तिने क्षयाच्या बाबतीत पहिल्यांदाच सांगितले. जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांवर बंदी घातली. माझ्या विद्यार्थ्याच्या मुलीला या बंदीचा उपयोग नव्हता.

मग बेडका काचेवर पाहणे हेच खरे, असे म्हणावे तर त्यातही अडचण आहे. सूक्ष्मदर्शकाखाली लाल काडी दिसायला एका मिलिलिटर बेडक्यात पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. त्याहून कमी असले तर काच कोरी. जंतू वाढवून पाहावे, तर हा प्राणी भलता आळशी. पोटातले काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, याला जवळजवळ अख्खा दिवस लागतो. जुन्या पद्धतीने वाढवायचा तर सहा ते आठ आठवडे वाट पाहायची. तेवढ्या काळात रोगी घरी किती जणांना प्रसाद देईल!

म्हणून नजर वळली ती जंतूच्या डीएनएकडे. कुत्र्यांना विचारण्यापेक्षा चोराच्या हाताचे ठसेच पाहू. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली पोथी, हे १९५३ नंतर सर्वांना माहीत झाले. क्षयाच्या जंतूची पूर्ण पोथी १९९८ साली वाचून झाली. सुमारे ४४ लाख अक्षरे आणि चार हजारांच्या आसपास जनुके. ज्या वाणाची पोथी वाचली, तो १९०५ साली अमेरिकेत सारानॅक लेकच्या आरोग्यधामातल्या एका १९ वर्षांच्या रोग्यापासून मिळवलेला. त्या मुलाच्या खोकल्यातून आलेला जंतू शंभर वर्षे प्रयोगशाळांत जिवंत ठेवला गेला आणि त्यावर आजचे कितीतरी शास्त्र उभे आहे.

या पोथीचे दोन पदर एकमेकांना चिकटलेले असतात. समोरासमोरची अक्षरे ठरलेली, 'अ'समोर 'ट', 'ग'समोर 'क'. आम्ही परीक्षेत 'जोड्या लावा' हा प्रश्न देतो ना, तसेच. इथे मात्र जोडी चुकीची लागली तर पदर नीट चिकटतच नाही. बायोसेन्सरवाल्यांनी याचाच फायदा घेतला. सोन्याच्या बारीकशा पट्टीवर क्षयाच्या पोथीतली वीस-पंचवीस अक्षरांची एकेरी ओळ रोवायची. ओळीच्या टोकाला गंधक लावले, की ती सोन्याला घट्ट धरते. मग त्यावर रोग्याच्या बेडक्यातून काढलेला, एकेरी केलेला डीएनए सोडायचा. त्यात क्षयाचा जंतू असेल तर जोडीदार ओळ येऊन चिकटते, नसेल तर पट्टी तशीच राहते. आता चिकटली हे कळायचे कसे? डीएनएवर ऋण विद्युत्भार असतो. पट्टीवर त्याची गर्दी वाढली, की द्रावणातले ऋणभारित कण दूर ढकलले जातात, त्यांना सोन्यापर्यंत पोचणे जड जाते, आणि पट्टीतून जाणारा प्रवाह घटतो. तो फरक मोजायचा. दुसरी युक्ती म्हणजे डीएनएला चिकटणारा एखादा रंग वापरायचा, जो स्वतः विजेची देवघेव करतो. साखर मोजायचे यंत्र आता घरोघरी आहे, माझ्याकडेही आहे. त्याचे मूळ १९६२ सालचे, क्लार्क आणि लायन्स यांचे. हे त्याचेच चुलत भावंड समजा.

डीएनए विजेला दाद देतो हे कोणी शोधले? चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनो गावच्या एमिल पालेचेक या तरुणाने. त्याचा निबंध १९६० मध्ये 'नेचर'मध्ये आला. तेव्हा त्याचा क्षयाशी काही संबंध नव्हता. क्षयासाठी ती युक्ती १९९७ साली अमेरिकेत जोसेफ वांग यांनी कार्बनच्या पट्टीवर वापरून दाखवली. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत डॉ. बन्सी मल्होत्रा यांच्या गटाने २००८-१० च्या सुमारास वेगवेगळ्या पदार्थांचे थर देऊन अशा पट्ट्या केल्या.

मग तीस वर्षे होत आली तरी ही पट्टी दवाखान्यात का नाही? मी नातीला हेच विचारले. ती हसली आणि म्हणाली, "आबा, आमच्या प्रयोगात बेडका नसतोच. विकत आणलेला, स्वच्छ डीएनए असतो." सगळी मेख तिथे आहे. बेडका चिकट, त्यात रक्त, पू, तोंडातले दुसरे शंभर जंतू. क्षयाच्या जंतूचे कवच मेणचट, ते फोडल्याशिवाय डीएनए बाहेर येत नाही. आणि रोगाच्या सुरुवातीला जंतू इतके थोडे असतात, की ओळ चिकटली तरी प्रवाहातला फरक कुजबुजीएवढा. स्वच्छ पाण्यात ऐकू येणारी कुजबूज बाजारात ऐकू येईल असे नाही. म्हणून आज क्षयासाठी जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलेल्या डीएनए चाचण्या आधी त्या अक्षरांच्या लाखो नकला काढतात. ही नकला काढायची रीत कॅरी मुलिस यांनी १९८३ मध्ये शोधली, त्यांना १९९३ चे नोबेल मिळाले.

यातले जीनएक्स्पर्ट हे यंत्र डिसेंबर २०१० मध्ये मान्य झाले. दोन तासांत निकाल, आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही हेही त्याच वेळी कळते. त्यासाठी ते पोथीतली जेमतेम ८१ अक्षरांची एक जागा तपासते. ही गोष्ट किती मोलाची, ते वर्षभरातच कळले. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रोग्यांची हकीगत छापली. तेव्हा तपासलेले एकही औषध त्यांच्यावर चालत नव्हते. २०१२ च्या जानेवारीत वर्तमानपत्रांत मोठा गहजब झाला होता, आठवत असेल. पण जीनएक्स्पर्टला थंड खोली हवी, सलग वीज हवी. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ वर जातो आणि भारनियमनाचे तर बोलायलाच नको होते.

आणि इथे गोवा येतो! वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या मोलबायो या कंपनीने 'ट्रूनॅट' नावाचे यंत्र केले. श्रीराम नटराजन आणि चंद्रशेखर नायर ही त्यामागची माणसे, आणि मूळ संशोधन बंगलोरच्या बिगटेक प्रयोगशाळेचे. यंत्र बॅटरीवर चालते, टेबलाच्या कोपऱ्यावर मावते. बेडक्यातून डीएनए काढायचे काम एक छोटे यंत्र करते. मग एका चिमुकल्या चिपवर थेंब ठेवायचा, तिथेच नकला निघतात, आणि तासाभरात निकाल. औषधाला न जुमानणाऱ्या जंतूसाठी आणखी एक तास. २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. त्याच वर्षी करोना आला आणि हेच यंत्र गावोगाव करोनासाठी राबले. हे यंत्र वीज मोजत नाही, प्रकाश मोजते, असे नातीने मला बजावून सांगितले आहे. तरीही बॅटरीवर चालणारे, धुळीत टिकणारे यंत्र करणे हा अर्धा गड चढून गेल्यासारखे आहे. विजेच्या पट्टीवाल्यांना उरलेला अर्धा, म्हणजे स्वस्ताई आणि आशाताईच्या पिशवीत मावणारा आकार, अजून चढायचा आहे.

जगातल्या क्षयरोग्यांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. २०२५ पर्यंत क्षय हटवायचा असा सरकारी संकल्प होता, तो झाला नाही. पण दोन-तीन गोष्टी बदलल्या. २०१२ पासून खाजगी डॉक्टरलाही रोग्याची नोंद देणे सक्तीचे आहे. २०१८ पासून रोग्याला आहारासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले. आणि जाता जाता, २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्धा ते कळंब रेल्वे सुरू झाली. आमच्या हयातीत गाडी बघायला मिळेल असे वाटले नव्हते!

लहान मुलांचा प्रश्न मात्र निराळा. त्यांना बेडका काढता येत नाही, गिळून टाकतात, आणि असला तरी त्यात जंतू फार थोडे. पूर्वी सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातले पाणी काढत. माझ्या विद्यार्थ्याच्या मुलीचे तसेच काढले होते. तिने एवढा आकांत केला, की बाप बाहेर जाऊन बसला. आता गिळलेला बेडका शौचातून बाहेर पडतो हे ध्यानात घेऊन मुलांचे शौच जीनएक्स्पर्टमध्ये तपासतात. नातीला मी म्हटले आहे, की पट्टी करायचीच असेल तर त्यासाठी कर. शौचात तर बेडक्याहून जास्त गोंगाट, असे ती म्हणते. तिच्या सरांना विचारून सांगते म्हणाली आहे.